वास्तू एक, वस्ती अनेक

— द्वितीय वर्ष, कला

आमच्या माण तालुक्यात 'कॉन्व्हेंट' म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी, टाय बांधलेल्या मुलांची इंग्रजी शाळा. माझ्या चुलत भावाचा मुलगा अशाच एका शाळेत जातो. घरी कोणी पाहुणे आले की वहिनी अभिमानाने सांगते, "आमचा कॉन्व्हेंटला आहे." मलाही बारावीपर्यंत या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. गेल्या वर्षी इतिहासाच्या सहलीत आम्ही जुन्या गोव्याला गेलो आणि तिथे पहिल्यांदा खरेखुरे कॉन्व्हेंट पाहिले. ते पाहता पाहता मला एकसारखा आठवत होता तो आपल्या साताऱ्याचा राजवाडा! गोव्यातील जोगिणींचा मठ कुठे आणि छत्रपतींचा वाडा कुठे, असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले. पण परत आल्यावर या प्रश्नाने पाठ सोडली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जोगिणींचा वाडा

'कॉन्व्हेंट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'एकत्र येणे' हा अर्थ आहे. संसार सोडून धर्मकार्यासाठी एकत्र राहणाऱ्यांचे घर ते कॉन्व्हेंट. अशा घरांतल्या जोगिणींनी पुढे शाळा काढल्या, त्या शाळांना लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले, आणि शेवटी जोगिणी नसल्या तरी इंग्रजी शाळेला ते नाव चिकटून राहिले. म्हणजे इमारतींप्रमाणे शब्दांतही जुने रहिवासी जातात आणि नवे येऊन राहतात.

जुन्या गोव्यातील सांता मोनिका हे कॉन्व्हेंट 'पवित्र टेकडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यावर उभे आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांनी ते स्त्रियांसाठी स्थापन केले. १६०६ साली बांधकाम सुरू झाले आणि १६२७ साली पुरे झाले. त्यानंतर दहा वर्षेही उलटली नसतील तोच १६३६ साली इमारतीला मोठी आग लागली, आणि बरेचसे काम पुन्हा करावे लागले. जांभा दगड आणि चुन्याचा गिलावा यांची ही तीन मजली इमारत चारी बाजूंनी एका चौकाभोवती बांधलेली आहे. रस्त्याच्या बाजूला भिंतीला दगडी टेकू दिलेले आहेत. ते इतके प्रचंड आहेत की एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्याला दोन्ही बाजूंनी नातवंडांनी धरून उभे करावे तशी ती भिंत दिसते.

या मठात एकदा आत गेलेली स्त्री पुन्हा बाहेरच्या जगात येत नसे. बाहेरच्या भिंती जाड, खिडक्या उंच. आत मात्र मोकळा चौक, बाग, ओवऱ्या. पुढे पोर्तुगालमध्ये सरकारचे धोरण बदलले. १८३५ साली गोव्यातील पुरुषांचे धर्मसंघ बंद करण्यात आले. सांता मोनिकाच्या अगदी शेजारी सेंट ऑगस्टीनचा विशाल मठ होता. तो त्याच साली रिकामा झाला. जोगिणींना मात्र बाहेर काढले नाही. नवीन मुलींना प्रवेश द्यायचा नाही, एवढाच नियम केला. म्हणजे आहेत त्या जोगिणी एकेक करून म्हाताऱ्या होणार, आणि शेवटची गेली की मठ संपणार. झालेही तसेच. शेवटची जोगीण १८८५ साली वारली.

पन्नास वर्षे एकही नवा चेहरा न आलेले ते घर कसे असेल, याचा मी त्या ओवरीत उभी राहून विचार करीत होते. बागेतल्या झाडांना पाणी घालणारे हात दर वर्षी कमी होत गेले असतील. शेवटी शेवटी तर एवढ्या मोठ्या वास्तूत एकटीच्या पावलांचा आवाज येत असेल.

मात्र इमारत तेवढ्यावर संपली नाही. पुढे तिथे सैनिकांचाही मुक्काम झाला. १९६४ पासून तिथे 'मातेर देई' ही संस्था आली, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या जोगिणी धर्मशिक्षणासाठी तिथे राहू लागल्या. २००२ साली ख्रिस्ती कलेचे संग्रहालय राशोलहून या इमारतीत आले. डागडुजीसाठी काही काळ बंद राहून ते २०२२ साली पुन्हा उघडले. ज्या दारातून बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नव्हते, त्याच दारातून आम्ही माणदेशातल्या पोरी तिकीट काढून आत गेलो.

आता शेजारच्या ऑगस्टीन मठाचे काय झाले ते पाहा. तो रिकामाच राहिला. १८४२ साली त्याच्या चर्चचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भिंत पडली. आज तिथे मनोऱ्याचा अर्धा भाग तेवढा उभा आहे आणि पायथ्याशी दगडांचे ढीग आहेत. टेकडी एक, दगड एक, पाऊसही एकच. पण एका वास्तूत माणसे राहिली आणि दुसरीतून गेली. फरक तेवढाच.

वास्तू मरते ती कशाने?

इमारती म्हातारपणाने पडतात असे आपण समजतो. माझे वडील गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्यांना मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ते म्हणाले, "घर पावसानं पडत नाही, कुणी वर बघणारं नसलं म्हंजी पडतं." मग त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. ते मी माझ्या शब्दांत मांडते.

आपल्याकडचा जुना वाडा खाली घडीव दगडाचा आणि वर विटा-मातीचा असतो. भिंतीच्या दोन्ही अंगांना चांगला थर असतो, मध्ये माती आणि दगडगोटे भरलेले असतात. सागवानी खांब आणि तुळया माळ्याचा भार घेतात, वर कौले असतात. वानराच्या उडीने किंवा वाऱ्याने एक कौल सरकते. घरात माणूस असेल तर पहिल्याच पावसात त्याच्या अंथरुणावर थेंब पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो शिडी लावतो. माणूस नसेल तर तो थेंब वाशावर पडत राहतो. दोन-तीन पावसाळ्यांत वासा कुजतो, त्याच्या शेजारची कौले खचतात, पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत शिरते, आतली माती फुगते आणि भिंतीचे पोट सुटते. दरम्यान पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे बी सांध्यात रुजलेले असते. ते मूळ मग पहारीचे काम करते. म्हणजे सुरुवात एका कौलाची आणि शेवट भिंतीचा.

म्हणून राहते घर हेच टिकते घर. जुन्या वास्तूला नवा उपयोग मिळणे म्हणजे तिचा अपमान, असे पुष्कळांना वाटते. मला आता उलटे वाटते. उपयोग हीच तिची पहिली डागडुजी.

चौकाची किमया

पण कोणतीही इमारत कोणत्याही कामाला चालते का? नाही. साखर कारखान्यात शाळा भरणार नाही. मग मठाची छावणी आणि छावणीचे विद्यालय, वाड्याची शाळा आणि वाड्याचे कोर्ट, हे कसे जमते? याचे उत्तर मला चौकात सापडले.

मधे उघडा चौक, त्याभोवती ओवरी आणि ओवरीला लागून एकसारख्या खोल्या, बाहेर जाण्याला एकच मोठे दार. ही रचना फार जुनी आहे. कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची लेणी आहेत. त्यांतील विहारांत मधे मोकळी जागा आणि भोवती भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्या दिसतात. सांता मोनिकाचीही रचना मुळात तीच आणि वाड्याचीही तीच. ओवरीतून प्रत्येक खोलीला स्वतंत्र वाट असते, उजेड आणि वारा चौकातून येतो, आणि दारावर एक माणूस बसला की आत-बाहेर कोण जाते हे कळते. जिथे पुष्कळ माणसे शिस्तीने ठेवायची आहेत, तिथे ही रचना उपयोगी पडते. मग ती माणसे भिक्षू असोत, जोगिणी असोत, शिपाई असोत, विद्यार्थी असोत की कैदी असोत. खोलीला काय म्हणायचे एवढेच बदलते: कुठे कोठडी, कुठे वर्ग.

वस्तीबरोबर देवही बदलतात. वाईजवळ लोहारे गावी बौद्ध लेणी आहेत, आणि आज तिथे महादेवाची पूजा होते. जगभर हेच घडत आले आहे. इस्तंबूलचे आयासोफिया ५३७ साली चर्च म्हणून उभे राहिले, १४५३ साली मशीद झाले, १९३५ साली संग्रहालय म्हणून उघडले आणि २०२० साली पुन्हा मशीद झाले. पॅरिसचा लूव्र हा राजवाडा १७९३ साली जनतेसाठी संग्रहालय झाला. आपल्या पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात पेशवाई बुडाल्यावर १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरली. सत्ता गेली की वाड्याचे उत्पन्न आटते, वाडा तेवढा उरतो. नव्या सत्तेला कचेऱ्या, शाळा आणि तुरुंग हवेच असतात. नवे बांधण्यापेक्षा मिळालेले वापरणे स्वस्त पडते. असा हा साधा व्यवहार आहे.

साताऱ्याचे दोन राजवाडे

आता घरी येऊ. पोवई नाक्यावरून 'राजवाडा' अशी पाटी लावलेल्या बसमध्ये आपण रोज चढतो. संध्याकाळी तिथल्या चौपाटीवर भेळ खातो. पण समोरच्या त्या जुन्या भिंतींकडे किती जण मान वर करून पाहतात?

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. महाराज मोठे कर्तबगार होते. शहरातील रस्ते आणि पाण्याची व्यवस्था त्यांनी लावली, छापखाना आणला. १८२४ साली त्यांनी हा जुना राजवाडा बांधला. वाड्यात राजघराण्यातील मुलींना शिकवण्याची सोय त्यांनी केली होती असे सांगतात. म्हणजे या वाड्यात शाळा येण्याआधीच अक्षर येऊन पोहोचले होते! पुढे इंग्रजांशी त्यांचे बिनसले. १८३९ साली त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले, आणि तिथेच १८४७ साली त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी थेट लंडनला जाऊन वर्षानुवर्षे राहिले, हे आपण अभ्यासतोच. प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब आले. त्यांनी शेजारीच नवा राजवाडा बांधला. १८४८ साली तेही वारले आणि दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी राज्य खालसा केले.

राहिले दोन मोकळे वाडे. साताऱ्यात १८५१ साली सरकारी इंग्रजी शाळा सुरू झाली होती. ती १८७१ पासून जुन्या राजवाड्यात भरू लागली. नव्या राजवाड्यात न्यायालय आले. एका भिंतीच्या अलीकडे पाढे आणि पलीकडे पुकारा, असा हा संसार पुढे कित्येक पिढ्या चालला. १९५१ साली शाळेला प्रतापसिंह महाराजांचेच नाव देण्यात आले. वाडा बांधणाऱ्याचे नाव शंभर वर्षांनी त्याच्या वाड्यातल्या शाळेला मिळाले, हा योग मला फार सुंदर वाटतो. न्यायालयाने पुढे शहरात दुसरीकडे नव्या इमारतीत बस्तान हलवले.

याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले: भिवा रामजी आंबेडकर. तो या शाळेत १९०४ पर्यंत शिकला. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. दर वर्षी आपल्याकडेही भाषणे होतात आणि हार घातले जातात.

पण त्या दिवसानंतर काय झाले हे भाषणांत क्वचितच येते. साताऱ्याच्या शाळेतले आपले दिवस बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. वर्गात त्यांना इतरांपासून दूर कोपऱ्यात बसावे लागे. बसायला स्वतःचे गोणपाट न्यावे लागे आणि शाळा सुटल्यावर ते घरी परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर इतर मुले नळाशी जाऊन पाणी पीत, पण त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानेने बसून राहायचे.

हे वाचल्यापासून मला राजवाड्याचे दार पूर्वीसारखे दिसत नाही. राजाच्या वाड्यात सामान्यांची मुले शिकू लागली, ही मोठी क्रांती होती, यात शंकाच नाही. पण इमारतीचा उपयोग बदलला म्हणून माणसांची रीत लगेच बदलत नाही. दार उघडले म्हणजे नळही उघडला असे नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात 'वाड्याची शाळा झाली' हे एक वाक्य असते. ती कोणाची किती शाळा झाली, हे पाहायला मात्र वर्गातल्या कोपऱ्यापर्यंत जावे लागते.

सांगलीचा तट

माझी मावशी सांगलीला असते. सुटीत तिच्याकडे गेले तेव्हा मी मुद्दाम गणेशदुर्ग पाहिला. १८०१ साली मिरजेहून वेगळे झालेल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या काळातला हा भुईकोट. भोवती खंदक, आत राजवाडा. या किल्ल्याच्या आवारातच तुरुंग आहे. शत्रूने बाहेरून आत येऊ नये म्हणून जो तट आणि खंदक केला, तोच पुढे आतल्याने बाहेर जाऊ नये म्हणून उपयोगी पडला!

पण २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी हा तुरुंग फोडून भरदिवसा बाहेर पडले. तटावरून त्यांनी खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात गोळीबार झाला, दादांच्या खांद्याला गोळी लागली आणि त्यांचे सहकारी धारातीर्थी पडले. पुढे हेच दादा १९७७ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. राजवाड्याच्या आवारात बरीच वर्षे जिल्हाधिकारी कचेरी होती. मावशी अजून 'दाखला काढायला राजवाड्यात गेले होते' असेच बोलते. राजा, कैदी, कलेक्टर आणि दाखला काढणारी माझी मावशी, इतक्या जणांना एका तटाने पाहिले आहे.

आबांचा राजवाडा

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना सही करता येते, वाचता येत नाही. बांधाच्या वादावरून त्यांचा भाऊबंदांशी दावा चालू होता. तो खालच्या कोर्टातून साताऱ्याला आला आणि पुढे कित्येक वर्षे ते तारखेला एस. टी.ने येत. आमच्या घरी 'राजवाडा' या शब्दाचा अर्थ तारीख. "आबा राजवाड्याला गेल्यात" म्हणजे आज घरी कोणी मोठ्याने बोलायचे नाही. आजीने जोंधळ्याच्या दोन भाकरी बांधून दिलेल्या असत. पुकारा कधी होईल याचा नेम नसे, म्हणून आबा जागचे हलत नसत आणि संध्याकाळी कधी कधी भाकरी तशीच परत येई.

मी कॉलेजला प्रवेश घेतला तेव्हा मला वसतिगृहावर पोहोचवायला वडिलांबरोबर आबाही आले. आमच्या घरातून कॉलेजला येणारी मी पहिली. सगळे आटोपल्यावर मी त्यांना राजवाड्याकडे नेले. ते ओळखीच्या बाजूला जाऊन थांबले आणि म्हणाले, "हितं हुबा ऱ्हायचो मी. ह्या खांबाला टेकून."

"बसत नव्हता का आबा?"

"राजाच्या घरात बसायचं आसतंय व्हय?"

मग मी त्यांना शेजारची शाळा दाखवली. शाळा सुटायची वेळ होती. दप्तरे पाठीवर टाकून पोरे ओरडत बाहेर पडत होती. आबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं सगळा राजवाडा म्हंजी कोरटच. एवढी वरसं आलो, पर हिकडं पोरं शिकत्यात ह्ये कुणी सांगितलंच न्हाई. आन मीबी इचारलं न्हाई."

त्यांच्या या वाक्याने मला इतिहासाचा एक धडा दिला. इमारत एकच असते, पण कोण कोणत्या दाराने आत येतो त्यावर ती त्याच्यासाठी काय आहे हे ठरते. आबांना जे दार ठाऊक होते त्यातून माणूस भीत भीत आत येई. त्याला लागून असलेल्या दुसऱ्या दारातून त्यांचा मुलगा आत येऊ शकला असता. ते दार बंद नव्हते, पण त्यांच्या वाटेवर नव्हते. माझे वडील सातवीनंतर गवंडीकामाला लागले.

आमचे दार

वसतिगृहाविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले. बाबासाहेबांना ज्या शहरात शिपायाची वाट पाहत तहानलेले बसावे लागले, त्याच शहरात वीस-पंचवीस वर्षांनी सगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसली. नळ उघडायला माणसे लागतात, ती अशी.

मी राहते त्या मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सातला बंद होते. अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी असते. मुले नऊपर्यंत बसतात, आम्ही साडेसहाला पुस्तके परत करतो. फाटक आमच्या काळजीपोटी बंद होते हे मला मान्य आहे. ते बंद होते म्हणूनच वडिलांनी मला इथे ठेवले, हेही मी जाणते. सांता मोनिकाच्या ओवरीत उभी असताना मला याचीच आठवण झाली. जाड भिंतीने आतल्यांना जपले आणि अडवलेही. दोन्ही कामे एकाच भिंतीने केली. आम्ही अकरा जणींनी सह्या करून अर्ज दिला. परीक्षेच्या महिन्यात साडेआठपर्यंत, दोघी-तिघींनी मिळून, वहीत नोंद करून जायची परवानगी मिळाली. एवढेसेच. पण त्या महिन्यात मी अभ्यासिकेत बसून राजवाड्यावरची पहिली टिपणे काढली. हा लेख त्या दीड तासाचा आहे.

जतन कशाचे करायचे?

जुन्या वास्तू जपा, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपल्या मनात त्या वास्तूचा पहिला दिवस असतो: राजा, दरबार, रोषणाई. नंतरची वस्ती आपल्याला खरकट्यासारखी वाटते. पण जुन्या राजवाड्यात राजे राहिले ते फार तर पंचवीस वर्षे. शाळा भरली ती त्याच्या कितीतरी पट अधिक काळ. मग तो वाडा राजाचा अधिक की पोरांचा? मला वाटते, दोघांचाही. महाराजांच्या नक्षीच्या खांबाइतकीच, ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद असलेली हजेरीची जुनी वही मोलाची आहे. आणि माझ्यापुरता, आबा टेकत असत तो खांबही.

तेव्हा माझी सहाध्यायी मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती आहे. राजवाड्यावरून जाताना एकदा मान वर करून कौले पाहा. कुठे एखादे सरकलेले दिसले तर कोणाला तरी सांगा. माझे वडील म्हणतात त्याप्रमाणे, वर बघणारे कोणीतरी असले पाहिजे. आणि प्राध्यापकवर्गाला विनंती अशी, की सहलीला आम्हांला दूर न्यालच, पण एक दिवस या दोन राजवाड्यांसाठीही ठेवा. त्या दिवशी मी आबांना गावाहून बोलावून घेईन. वाडा कोणी बांधला ते सर सांगतील. कोर्टाच्या ओवरीत दिवस कसा जातो ते आबा सांगतील. मात्र या वेळी त्यांना बसायला खुर्ची ठेवू.